जुना संगणक मंदावला? आधी गाण्यांचा प्लेअर तपासा

शाबानचा महिना म्हणजे लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या धांदलीचे दिवस. रमजान लागण्यापूर्वी निकाह उरकून घ्यावा अशी बऱ्याच घरांची इच्छा असते, आणि पत्रिका मात्र सर्वांना आठ दिवसांत हव्या असतात. मालेगावातील आमच्या परिचयाचे एक वयस्कर व्यावसायिक वर्षानुवर्षे हेच काम करीत आहेत. दुकान लहान, संगणक एकच. त्याचे वय बारा-तेरा वर्षे, रॅम दोन गिगाबाइट, आत फिरती हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज ७. पत्रिकेची उर्दू बाजू इनपेजमध्ये जुळवायची, मराठी बाजू व नक्षीकाम कोरलड्रॉमध्ये करायचे आणि प्रूफ काढून गिऱ्हाइकापुढे ठेवायचे, असा त्यांचा क्रम.

गेल्या हंगामात हा क्रम बिघडला. सकाळी संगणक सुरू केल्यावर काम करण्याजोगा होईपर्यंत चहाचे दोन कप संपत. कोरलड्रॉ उघडण्यास पाच मिनिटे लागत. मुलीकडचे चार लोक समोर बसलेले, नावातला एक नुक्ता तेवढा दुरुस्त करायचा, आणि पडद्यावर ते फिरते वर्तुळ काही केल्या थांबत नाही. दोन गिऱ्हाइके उठून शेजारच्या गल्लीत गेली तेव्हा त्यांनी दुरुस्तीवाल्यास बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहून निकाल दिला, "चाचा, मशीन म्हातारी झाली. तीस हजारांत नवीन येईल, हिला सोडा आता."

चाचांनी पैसे बाजूला काढलेही होते. पण एक अडचण होती. त्यांचे इनपेज जुन्या आवृत्तीचे, संगणकाच्या मागे लावलेल्या चावीवर चालणारे. आजवरचे सारे काम त्याच यंत्रावर साठवलेले. नव्या यंत्रावर ती चावी चालेल काय, जुन्या फाईली जशाच्या तशा उघडतील काय, याची हमी दुरुस्तीवाला देईना. तेव्हा पैसे देण्यापूर्वी त्यांनी आम्हास विचारले.

आम्ही दुकानात जाऊन बसलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, कुणी कळफलकाला हातही लावलेला नसताना संगणकाच्या पुढच्या बाजूचा हार्ड डिस्कचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागातून रिसोर्स मॉनिटर उघडला आणि डिस्कवर कोण धावपळ करीत आहे ते पाहिले. सर्वांत वर नाव होते गाण्यांच्या प्लेअरचे.

तो प्लेअर चाचांच्या भाच्याने टाकला होता. जुळणीचे काम तोच करतो. सकाळी दुकान उघडल्यावर थोडा वेळ तिलावत, दुपारी नात, संध्याकाळी कव्वाली किंवा जुनी गाणी, असा त्याचा नेम. यात वावगे काहीच नाही. संगणकाच्या दृष्टीने ही सर्व एकाच जातीची फाईल आहे. भाच्याचे म्हणणे असे, "मामू, गाणं तर कधीच अडकत नाही. अडकतं ते कोरल. मग दोष गाण्याचा कसा?"

प्रश्न बिनतोड वाटतो. याचे उत्तर नीट समजून घेतले तर आपल्यापैकी पुष्कळांचे नव्या यंत्राचे पैसे वाचतील, किमान काही वर्षे तरी.

गाण्याचे वजन किती?

आधी गाण्याचेच वजन पाहू. संगीताच्या सीडीवर दर सेकंदास आवाजाचे ४४,१०० नमुने नोंदलेले असतात, तेही डाव्या व उजव्या बाजूचे वेगवेगळे. त्याची गोळाबेरीज मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट होते. एमपी३ ही पद्धत कानाला न जाणवणारा भाग गाळून हाच आवाज मिनिटाला सुमारे एक मेगाबाइटमध्ये बसवते. म्हणजे १२८ किलोबिटच्या गाण्यासाठी संगणकाला सेकंदाला अवघे सोळा किलोबाइट वाचावे लागतात. जुन्यातली जुनी हार्ड डिस्कही सलग वाचताना याच्या कैक पट देऊ शकते.

राहिले ते एमपी३ उलगडून पुन्हा आवाज बनविण्याचे काम. ४८६ जातीच्या प्रोसेसरला ते जड जात असे, गाणे चालू असताना दुसरे काम करणे कठीण होई. पेंटियम आल्यावर ती अडचण दूर झाली. आज दहा-बारा वर्षांच्या जुन्या प्रोसेसरलाही या कामासाठी आपल्या ताकदीचा नगण्य अंश लागतो. तेव्हा गाणे हे ओझे मुळीच नव्हे. ओझे आहे ते गाण्याभोवती प्लेअरने मांडलेल्या पसाऱ्याचे.

चाचांच्या यंत्रात हा पसारा पुढीलप्रमाणे होता. प्लेअर संगणकाबरोबरच आपोआप सुरू होई. त्याला आपली 'लायब्ररी' म्हणून संपूर्ण डी ड्राइव्ह दाखविला गेला होता. त्या ड्राइव्हवर पेनड्राइव्हमधून वेळोवेळी उतरवलेल्या चौदा हजारांच्या आसपास ध्वनिफाईली होत्या आणि त्यांच्याच शेजारी पत्रिकांच्या कामाचे सगळे गठ्ठे. रोज सकाळी प्लेअर हा सारा ड्राइव्ह पिंजून काढी. कोणती फाईल नवी, कोणती हलवली, गायकाचे नाव काय, मुखपृष्ठाचे चित्र आहे काय, आणि नसेल तर इंटरनेटवरून आणता येते काय, अशी त्याची चौकशी चाले. शिवाय सर्व गाण्यांचा आवाज सारखा राहावा म्हणून प्रत्येक फाईल आतून मोजण्याची सोयही भाच्याने, काय आहे ते न पाहता, सुरू करून ठेवली होती.

आता हिशेब करा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर एका ठिकाणचे वाचून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास सुईला सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ऐंशी उड्या. चौदा हजार फाईलींसाठी प्रत्येकी दोनच उड्या धरल्या तरी अठ्ठावीस हजार झाल्या. ऐंशीने भागले की साडेतीनशे सेकंद, जवळपास सहा मिनिटे. एवढा वेळ ती सुई प्लेअरच्या सेवेत. त्याच सहा मिनिटांत अँटिव्हायरसलाही ती हवी, विंडोजलाही हवी आणि बिचाऱ्या कोरलड्रॉलाही हवी. एकच मदतनीस आणि चार मालक असे झाले की प्रत्येकाचे काम रेंगाळते. मदतनिसाचा निम्मा वेळ तर नुसता इकडून तिकडे धावण्यात जातो.

मेजावरची जागा आणि माळा

दुसरा भाग रॅमचा. आपल्या दुकानात गल्ल्याजवळ हात पोहोचेल एवढ्या जागेत रोजचा माल ठेवलेला असतो. बाकीचा माळ्यावर. गल्ल्याजवळची जागा म्हणजे रॅम आणि माळा म्हणजे हार्ड डिस्क. जागा भरली की विंडोज काय करते? कमी लागणारा माल उचलून माळ्यावर टाकते आणि मागणी आली की शिडी लावून पुन्हा खाली आणते. या माळ्यावरील राखीव कोपऱ्यास पेजफाईल म्हणतात. दोन गिगाबाइटच्या यंत्रात विंडोज, अँटिव्हायरस आणि कोरलड्रॉ यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. त्यात प्लेअर आपला पसारा घेऊन बसला की दर वेळी खिडकी बदलताना शिडी लावावी लागते. इनपेजमधून कोरलड्रॉमध्ये जाताना जो खोळंबा होत असे तो हाच.

मग गाणे का अडखळत नाही? भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. एखादे पान पडद्यावर उमटण्यास दोन सेकंद उशीर झाला तर आपण कुरकुरतो, पण काम चालते. आवाजात मात्र दशांश सेकंदाचा खंड पडला तरी कानाला खटकतो. म्हणून प्लेअर पुढच्या काही क्षणांचे गाणे आधीच वाचून ठेवतो, आणि विंडोजही आवाजाच्या कामाला अग्रक्रम देते. रांगेत सर्वांत पुढे उभे राहण्याची त्याला परवानगी असते. त्यामुळे यंत्र गुदमरलेले असतानाही गाणे सुरेल चालते आणि संशय प्लेअरवर कधी जात नाही.

या अग्रक्रमाचा एक गाजलेला किस्सा आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टा वापरणाऱ्यांच्या लक्षात आले की, गाणे लावले की एका संगणकावरून दुसऱ्यावर फाईल पाठविण्याचा वेग एकदम घसरतो. गाणे थांबविले की वेग पूर्ववत. लोकांना प्रथम हा भ्रम वाटला. मग मायक्रोसॉफ्टचे तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी त्याच वर्षी खुलासा केला की आवाजात खंड पडू नये म्हणून नेटवर्कच्या कामावर मुद्दाम लगाम घातलेला होता, दर मिलिसेकंदास दहा पाकिटे एवढाच. वेगवान नेटवर्क असलेल्या कचेऱ्यांना हा लगाम फार जाचला. ज्यांच्या दुकानात दोन-तीन संगणक तारेने जोडून हिशेबाची एकच फाईल वापरली जाते त्यांनी हा किस्सा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

प्लेअर जड होत गेला त्याची कहाणी

प्लेअर नेहमीच असे जड नव्हते. जस्टिन फ्रँकेल व दिमित्री बोल्डिरेव्ह या तरुणांनी १९९७ साली विनअँप काढला तेव्हा तो इतका आटोपशीर होता की त्या काळच्या साध्या यंत्रावरही चटकन उघडे. एकच काम, गाणे वाजविणे. १९९९ साली एओएल या बड्या कंपनीने त्यांची नलसॉफ्ट ही कंपनी विकत घेतली. २००२ मध्ये विनअँप ३ आला. पूर्णपणे नव्याने बांधलेला, दिसायला देखणा, हवी ती वेशभूषा चढविण्याची सोय असलेला, आणि संथ. लोकांनी तो नाकारला आणि निमूटपणे जुना दोन क्रमांकाचाच वापरत राहिले. शेवटी २००३ च्या डिसेंबरात कंपनीने जुन्याच पायावर पुढची आवृत्ती काढली आणि दोन अधिक तीन म्हणून तिला पाच क्रमांक दिला. गिऱ्हाइकाने हट्टाने जुनाच माल मागितला आणि कारखानदाराला तो पुन्हा बनवावा लागला, असे व्यापारात क्वचितच पाहावयास मिळते.

इतरांची गोष्ट एवढी सुखाची नाही. रिअलप्लेअर मागे राहून निरोप व जाहिराती दाखवी, संगणकाबरोबर आपणहून उठे. 'पीसी वर्ल्ड' या मासिकाने २००६ साली आजवरच्या सर्वांत वाईट २५ तांत्रिक उत्पादनांच्या यादीत त्याला दुसरा क्रमांक दिला. अॅपलचा आयट्यून्स २००३ मध्ये विंडोजवर आला तो क्विकटाइमला बरोबर घेऊन, आणि पुढे फोनची सेवा, नेटवर्कवर उपकरणे शोधणारी सेवा, अद्ययावत करणारा कार्यक्रम असे एकेक पाहुणे वाढत गेले. ज्याच्याकडे आयफोन नव्हता त्याच्याही यंत्रात आयफोनची वाट पाहणारा नोकर बसून राही. मॅकवर तर खुद्द अॅपलनेच २०१९ साली आयट्यून्सचे तुकडे करून गाणी, चित्रपट आणि पॉडकास्ट वेगवेगळे केले.

आजचे इंटरनेटवरून गाणी ऐकविणारे प्लेअर आणखी निराळे. स्पॉटिफायसारख्या प्लेअरच्या आत एक अख्खा ब्राउझर दडलेला असतो. आपल्याला दिसते गाण्यांची यादी, प्रत्यक्षात ते एक वेबपान असते, आणि ब्राउझरला लागते तेवढी रॅम त्यालाही लागते. २०१६ च्या नोव्हेंबरात स्पॉटिफायचा एक दोष उघडकीस आला. गाणे चालू नसतानाही तो डिस्कवर तासाभरात कित्येक गिगाबाइट निरर्थक लिखाण करीत होता. एसएसडीवर किती वेळा लिहिता येते याला मर्यादा असते, त्यामुळे वापरणारे चिडले. कंपनीने सुधारित आवृत्ती काढून तो दोष दूर केला. पण तोवर कित्येकांनी दोष आपल्या जुन्या यंत्राला दिला असेल, हे उघड आहे.

काय केले, काय करावे

चाचांच्या यंत्रावर आम्ही प्रथम प्लेअरचे आपोआप सुरू होणे बंद केले. विंडोज ७ मध्ये रन या चौकटीत एमएसकॉन्फिग लिहिले की स्टार्टअपची यादी येते. विंडोज ८ पासून ती टास्क मॅनेजरमध्येच आहे. यादीतील ज्या नावाचा अर्थ कळत नाही त्याला हात लावू नये. अँटिव्हायरस, प्रिंटर आणि इनपेजच्या चावीचा चालक तर मुळीच बंद करू नये. नंतर लायब्ररीत डी ड्राइव्हऐवजी गाण्यांचा एकच फोल्डर दाखविला. मुखपृष्ठे आणणे, आवाज मोजणे आणि पडद्यावर रंगांचे नाच दाखविणे हे तिन्ही बंद केले. रंगांच्या नाचाला प्रोसेसर लागतो, आणि गिऱ्हाइकाकडे पाठ केलेला तो पडदा पाहतो तरी कोण?

एवढ्यानेच बराच फरक पडला. तरी आम्ही तो प्लेअर काढून टाकण्याचाच सल्ला दिला. संगणकावरच ऐकायचे असेल तर फुबार२००० हा साधा प्लेअर आहे. तो २००२ पासून मिळतो आणि त्याचा कर्ता पूर्वी नलसॉफ्टमध्येच काम करीत असे. दिसायला अगदी रुक्ष, पण जुन्या यंत्राला मानवणारा. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मलेला व्हीएलसी हाही विनामूल्य आहे आणि विंडोज ७ वर चालतो. दोन्ही त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावेत. कुणाच्या पेनड्राइव्हमधून आलेला 'फुल व्हर्जन' प्लेअर म्हणजे घरात चोराला स्वतः बोलावणे.

येथे एक गोष्ट अधिक गंभीर आहे. विंडोज ७ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविणे मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविले. विंडोज १० ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, काही काळ वाढीव संरक्षणाची सोय स्वतंत्रपणे नोंदणी करणाऱ्यांसाठी तेवढी ठेवण्यात आली. क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ क्रमांकाची, २०२३ सालची. अशा यंत्राला इंटरनेटशी जोडून ठेवणे धोक्याचे आहे. चाचांचे यंत्र दिवसभर इंटरनेटवर का होते, याचा शोध घेतला तेव्हा कळले की गाण्यांची चित्रे उतरविण्यासाठी आणि अधूनमधून एखादे नवे गाणे शोधण्यासाठी! पत्रिकेच्या कामाला त्याची गरज नव्हती. गिऱ्हाईक मजकूर पाठवते ते मोबाईलवर. आम्ही तार काढून ठेवली. एखादा विषाणू शिरून इतक्या वर्षांचे काम कुलूपबंद झाले असते तर तीस हजारांत ते परत मिळाले नसते. त्याच दिवशी सगळ्या कामाची नक्कल एका वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली, ती आधी कधीच झालेली नव्हती.

ज्यांना थोडा खर्च करणे शक्य आहे त्यांनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारे काहीच नसते, त्यामुळे उड्यांना लागणारा वेळ जवळजवळ संपतो. जुन्या यंत्राला याहून मोठा उतारा नाही. रॅम वाढविताना मात्र विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे ते आधी पाहावे. घरगुती ३२ बिट विंडोज चार गिगाबाइटपेक्षा अधिक रॅम वापरूच शकत नाही. आठ गिगाबाइट टाकून देतो म्हणणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर समजून घ्या.

आणि एवढे करूनही यंत्र मंदच राहिले, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे आहे. तेव्हा प्लेअरला दोष देत बसू नये. आधी नक्कल घ्यावी.

भाच्याची अडचण त्यानेच सोडविली. घरात पडून असलेला एक जुना मोबाईल त्याने आणला, सारी गाणी आणि तिलावती मेमरी कार्डावर उतरविल्या आणि एक लहान स्पीकर जोडून काउंटरवर ठेवला. डी ड्राइव्हवर आता पत्रिकांखेरीज काही नाही. मध्यंतरी आम्ही पुन्हा गेलो होतो. कोरलड्रॉ पाऊण मिनिटात उघडतो. एसएसडी अजून बसविलेली नाही, तो खर्च रमजान ईदनंतर करू असे चाचांचे म्हणणे. इनपेजची चावी नव्या यंत्रावर चालते की नाही याची चौकशी भाचा करतो आहे. बाजूला काढलेल्या तीस हजारांचा चाचांनी हंगामापूर्वी पत्रिकांचा कागद भरून ठेवला.